सोनुनबू आपाची साक्ष

कालव्याचं मोठं दार बंद करायचा दिवस म्हणजे सारीतोगोय गावच्या पाटकऱ्यांचा सण. एप्रिलात पाणी सुटलं की सप्टेंबर सरेपर्यंत या माणसांच्या पायातले रबरी बूट निघत नाहीत. गाळ उपसा, फुटलेल्या चाऱ्या बुजवा, पाण्याच्या पाळीवरून भांडणाऱ्यांच्या शिव्या खा, रात्र असो की दिवस. डोंगरमाथ्यावर पहिलं बर्फ दिसलं की दार खाली सोडायचं, ते फिरवायची लोखंडी दांडी काढून कालव्यावरच्या चौकीत ठेवायची आणि मग निवांत बसायचं. एकानं मेंढीचं मटण आणायचं, एकानं बाटल्या, एकानं जळण.

त्या वर्षी तिघं बसले. कासिमाली, तुर्दाकुन आणि बेकमुर्झा. पंधरा वर्षं एकाच कालव्यावर काम केलेली माणसं.

सकाळी कासिमालीच्या बायकोनं, उलकाननं, त्याला रोटी, कांदे आणि उकडलेले बटाटे फडक्यात बांधून दिले.

"लवकर ये. उद्यापासून बटाटे काढायचेत. जमीन गोठली तर आतल्या आत सडतील."

"येतो गं. वर्षातनं एकदा तर बसतो."

"एकदाच बसतोस, पण उठत नाहीस."

तो हसत हसत गेला. बाहेर ओट्यावर बसलेल्या उलकानच्या सासऱ्यानं, मोल्दोबायनं, जपाची माळ थांबवून त्याच्या पाठीकडं पाहिलं आणि पुन्हा मणी ओढायला लागला.

दिवस मावळायला आला तेव्हा उलकान गाईखाली बसली होती. शेजारची बाई कुंपणापलीकडून धावत आली, डोक्याचा रुमाल हातात.

"उलकान, तुर्दाकुन मेला! चौकीत. डोकं फोडलंय त्याचं. तुझ्या माणसाला धरलंय."

बादली लवंडली. दूध मातीत जिरत राहिलं आणि उलकान कालव्याच्या कडेनं पळत सुटली. चौकीच्या दारात तुर्दाकुन आडवा पडलेला, तोंडावर त्याचाच कोट टाकलेला. कासिमाली भिंतीला टेकून बसला होता. हात पट्ट्यानं बांधलेले, एका पायात बूट नाही, अंगावर ओकारी. शेजारी ती लोखंडी दांडी पडलेली. दोन शिपाई सिगारेट ओढत उभे होते. बायकोला बघून त्यानं डोळे उघडायचा प्रयत्न केला.

"उलकान, तुर्दाकुनला उठव गं. उंबऱ्यातच झोपलाय. थंडी वाजंल त्याला."

सारीतोगोय हे काही मोठं गाव नाही. एक बाजार, एक शाळा, एक मशीद, आणि सगळ्यांना सगळ्यांचं ठाऊक. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत निकाल लागून गेला होता. बेकमुर्झानं पोलिसांना सांगितलं, "मी तीन वाजताच उठलो. या दोघांची बाचाबाची चालली होती. मला नको ती भानगड म्हणून घरी गेलो." त्याच्या आईनं, सगळं गाव जिला आपा, म्हणजे आई, म्हणायचं त्या सोनुनबू आपानं, मान हलवली होती. हो, तीन वाजता घरी आला, चहा घेतला, झोपला. आणि मे महिन्यात भर बाजारात कासिमालीनं पाळीच्या यादीवरून तुर्दाकुनची गचांडी धरलेली तर शंभर माणसांनी पाहिली होती. आता आणखी पुरावा कशाला हवा?

तिसऱ्या दिवशी उलकान जिल्ह्याच्या ठाण्यात गेली. जाळीपलीकडं कासिमाली बसला होता. शुद्धीत होता. दाढी वाढलेली, ओठ फुटलेले.

"तू मारलंस?" तिनं विचारलं.

"आठवत नाही."

"आठव."

"मटण खाल्लेलं आठवतं. तुर्दाकुन बेकमुर्झाला बायकोवरनं चिडवत होता, रशियाला गेली ती परत आली नाही म्हणून, तेवढं आठवतं. मी म्हणालो, सोड रे. पुढं नुसता काळोख आहे."

"हे सांगितलंस साहेबांना?"

"सांगितलं. हसले ते." तो आपल्या तळहातांकडं बघत होता. "मीच मारलं असणार, उलकान. दुसरं कोण होतं तिथं? तुर्दाकुन माझ्या लग्नात नाचला होता. आणि मी त्याला..."

उलकानला त्याच्या तोंडात मारावंसं वाटलं. जाळी मधे होती म्हणून वाचला.

बटाटे मात्र कुणासाठी थांबत नाहीत. दर वर्षी शेजारी आपला घोडा आणि नांगर घेऊन यायचा, सरी फोडून द्यायचा, बदल्यात तीन पोती न्यायचा. या वर्षी तो फिरकला नाही. कुंपणाशी उभा राहून म्हणाला, "घोडा लंगडतोय." घोडा त्याच्यामागं खुशाल चरत होता.

उलकाननं कुदळ घेतली. पोर शहरात शिकायला, सासरा सत्तर पार केलेला. सकाळी माती वरच्या थराला कडक असायची, कुदळीचा घाव उडायचा. दहाला ऊन आलं की नरम व्हायची. घाव घालायचा, ढेकूळ उलटवायचं, वाकून बटाटे वेचायचे, बादली बांधावर न्यायची. दुसऱ्याच दिवशी तळहातावर फोड आले, चौथ्या दिवशी फुटले. तिनं वर मेंढीची चरबी चोळून चिंधी बांधली. मोल्दोबाय एका हातात काठी धरून दुसऱ्या हातानं बटाटे पोत्यात टाकायचा. प्रत्येक बटाटा पुसून. किती सांगितलं तरी पुसल्याशिवाय टाकायचा नाही.

दुकानात गेली तर दुकानवाली साखरेची पुडी हातात द्यायची नाही, फळीच्या कडेला ठेवायची. नळावर गेली की बायका बोलायच्या थांबायच्या. कुणी वाईट बोललं असतं तर बरं वाटलं असतं.

नवव्या दिवशी संध्याकाळी म्हातारा म्हणाला, "सूनबाई, तुर्दाकुनच्या घरी जायला हवं. त्यांच्याकडं रडणं चालू आहे आणि आपण बटाटे मोजतोय."

"ते दारात उभं करणार नाहीत, बाबा."

"नाही करणार. तरी जायला पाहिजे. दार उघडायचं की नाही ते त्यांचं. जायचं ते आपलं."

दुसऱ्या दिवशी तिनं सुतकाच्या घरी द्यायला दावणीची एकुलती एक धष्टपुष्ट मेंढी सोडली, दोरीनं ओढत गाव ओलांडलं. तुर्दाकुनच्या अंगणात सुतकाचा तंबू उभा होता. पुरुष काठ्या टेकून बाहेर उभे होते, आतून बायकांच्या रडण्याचा सूर येत होता. तुर्दाकुनचा थोरला भाऊ फाटकापाशी आला.

"मेंढी घेऊन माघारी जा."

"मेंढी ठेवा नाहीतर सोडून द्या. मला आत रडू द्या, दादा."

"तुझ्या रडण्यानं तो उठणार आहे का?"

त्यानं फाटक लावून घेतलं. उलकान तिथंच, रस्त्यावर गुडघ्यांवर बसली आणि मेलेल्या माणसाचं नाव घेऊन सूर धरला, जसा घरच्या बाईनं धरायचा तसा. तुर्दाकुन कसा हसायचा, कसा नाचायचा, पाण्याची पाळी चुकलेल्या विधवांना कसा गुपचूप घागरभर जास्त सोडायचा. थोड्या वेळानं तुर्दाकुनची बायको बातमा तंबूतून बाहेर आली. केस मोकळे, गालांवर नखांचे ओरखडे. तिनं चारीतला ओला चिखल मुठीनं उचलला आणि उलकानच्या छातीवर फेकला.

"त्याचं नाव घेऊ नकोस तुझ्या तोंडानं!"

उलकान उठली नाही. येणाऱ्याजाणाऱ्या बायका रस्त्यातल्या डबक्याला वळसा घालावा तसा तिला वळसा घालून जात होत्या. ऊन कलायला लागलं. तेव्हा तंबूतून सोनुनबू आपा बाहेर आली. अंगानं वाळकी, पाठीत वाकलेली बाई. तिनं वळसा घातला नाही. उलकानसमोर उभी राहिली, बराच वेळ तिच्या अंगावरच्या वाळलेल्या चिखलाकडं बघत राहिली. मग वाकून तिच्या बगलेत हात घातला.

"ऊठ. थंडी धरील अंगात."

म्हातारीनं तिच्या छातीवरचा तो चिखल बोटांनी खरवडून काढला. उलकानला वाटलं, म्हातारीला दया आली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सोनुनबू आपा उलकानच्या वावरात आली. बांधावरची बादली उचलली आणि बटाटे वेचायला लागली. अर्धी सरी झाली तेव्हा कंबर धरून उभी राहिली.

"उद्या जिल्ह्याला जाणार आहेस ना? नवऱ्याला भेटायला?"

"हो, आपा. सकाळच्या गाडीनं."

"माझ्यासाठी जागा धर."

"तुमचं काय काम तिकडं?"

"आहे काम."

सकाळच्या व्हॅनमध्ये दोघी मागच्या बाकावर बसल्या. म्हातारीच्या मांडीवर जुन्या रुमालात बांधलेलं गाठोडं होतं. दोन्ही हात त्यावर. खिडकीबाहेर कापणी झालेली वावरं, त्यांच्यावर उतरलेले कावळे. अर्ध्या वाटेत तिनं घागऱ्याच्या खिशातून वाळवलेल्या आंबट दह्याचे दोन गोळे काढले, एक उलकानला दिला.

"तुझी मुलगी काय शिकते?"

"नर्सिंग."

"चांगलं आहे." मग गाठोड्याची गाठ आवळत, "बेकमुर्झा लहानपणी फार भित्रा होता. मेंढी कापायच्या वेळी माझ्या घागऱ्यात तोंड लपवायचा."

उलकाननं नुसतं हं म्हटलं. तिच्या मनात कासिमालीचे फुटलेले ओठ होते.

ठाण्याच्या पायऱ्या चढताना म्हातारी थांबली. "आत गेल्यावर माझ्याकडं बघू नकोस. काय ऐकायचं ते ऐक. पण बघू नकोस."

साहेब तरुण होता, समोर चहाचा पेला. सोनुनबू आपानं गाठोडं टेबलावर ठेवलं आणि सोडलं. आत एक कापूस भरलेली बंडी होती. एक बाजू जळून काळी झालेली, छातीवर वाळलेल्या रक्ताचा मोठा डाग.

"साहेब, मी तुमच्या माणसांना खोटं सांगितलं. माझा मुलगा तीनला आला नव्हता. चार वाजून गेल्यावर आला. चारीत साचलेल्या पाण्यात कितीतरी वेळ हात धूत होता. मला म्हणाला, आपा, कुणी विचारलं तर तीन वाजता आला म्हण. मी म्हटलं. सकाळी रोटी भाजायला चूल पेटवायला गेले तर त्याची ही बंडी आत. रक्तानं ओली होती, नीट पेटली नाही. मी काढून धान्याच्या पेटीत ठेवली."

साहेबानं लेखणी खाली ठेवली. "आई, काय बोलताय कळतंय का तुम्हाला? तुमचा मुलगा आहे तो."

"कळतंय, बाबा. म्हणून तर अकरा दिवस लागले."

उलकान भिंतीकडं तोंड करून उभी होती. सांगितल्याप्रमाणं तिनं बघितलं नाही. पण तिच्या छातीत काहीतरी असं उसळलं की ओरडावंसं वाटलं, नाचावंसं वाटलं. नाही मारलं! माझ्या माणसानं नाही मारलं! आणि दुसऱ्याच क्षणी शेजारी उभ्या असलेल्या बाईचा धापा टाकणारा श्वास तिला ऐकू आला आणि आपल्या आनंदाची तिला अशी लाज वाटली की तिनं ओठ दातांखाली धरले. रक्त आलं तरी सोडले नाहीत.

बाहेर आल्यावर ती म्हातारीच्या घागऱ्याची कड धरायला वाकली.

"हात लावू नकोस मला," सोनुनबू आपा म्हणाली. परतताना ती ड्रायव्हरशेजारी पुढच्या सीटवर बसली.

त्याच दिवशी दुपारी पोलीस बेकमुर्झाच्या घरी पोचले. तो गंजीवर चढून गवत रचत होता. गाडी बघून खाली उतरला, हातातलं दाताळं भिंतीला टेकवलं. पळाला नाही, नाकारलं नाही. तुर्दाकुननं बायकोवरून एकदा चिडवलं, दोनदा चिडवलं, तिसऱ्यांदा हातात दांडी होती, एवढंच म्हणाला. कासिमाली कोपऱ्यात घोरत होता. त्याच्याजवळ दांडी टाकून तो निघून आला होता. गाडीत बसताना आईला म्हणाला, "आपा, गाईला चारा टाकलाय. संध्याकाळी पाणी तेवढं दाखव."

कासिमालीला सोडायला आणखी आठ दिवस गेले. तो आला तेव्हा मोल्दोबाय फाटकाबाहेर काठी टेकून उभा होता. बापानं मुलाला एकदाच छातीशी धरलं आणि पाठीवर एक सणसणीत काठीही घातली.

"ही दारूची," म्हणाला.

उलकाननं पाणी तापवलं, त्याचं डोकं धुतलं, नखं काढली. तो लहान पोरासारखा बसून होता.

"वीस दिवस मी खुनी होतो, उलकान. मी मान्य केलं होतं. रोज बसून विचार करायचो, कुठला हात वर केला असेल मी, उजवा की डावा."

"आता नाहीस ना?"

"नाही. पण झोपलो होतो. माझ्यापासून दोन हातांवर माणूस मेला आणि मी घोरत होतो."

तिनं त्याच्या समोर चहाची वाटी ठेवली, रोटी तोडून ठेवली. तो जिवंत होता, घरात होता, चहा फुंकत होता. त्या रात्री तिनं नमाजाला बसून नुसतं आभार मानले, मागितलं काहीच नाही.

दुसऱ्या दिवशी बातमा आली. हातात फडक्याखाली ताज्या रोट्या. दारातच थबकली.

"मी तुझ्यावर चिखल फेकला."

"आत ये. राहू दे ते."

"तू खरंच रडली होतीस त्याच्यासाठी. मला तेव्हाही कळत होतं."

दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. मग बातमानं कासिमालीला रोटी चाखायला लावली, आणि तो घास तोंडात धरून मान खाली घालून बसला.

पण गावाला रुसायला कुणीतरी लागतंच. आता ते सोनुनबू आपावर रुसलं. आई असून पोटच्या पोराला फाडून दिलं, म्हणत. मांजरसुद्धा आपली पिल्लं तोंडात धरून हलवते, म्हणत. नळावर आता तिच्याभोवती बायका गप्प व्हायला लागल्या. दुकानवाली तिची साखर फळीच्या कडेला ठेवायला लागली.

उलकाननं बटाट्यांची दोन चांगली पोती गाडीवर घालून तिच्याकडं नेली. म्हातारीनं फाटक उघडलं नाही. संध्याकाळी पोती उलकानच्या कुंपणापाशी परत आलेली. कासिमाली कुऱ्हाड घेऊन तिच्या अंगणात लाकडं फोडायला गेला. चार ओंडके फोडून झाले तेव्हा खिडकी उघडली.

"ठेव ती कुऱ्हाड. माझा मुलगा आहे लाकडं फोडायला. दहा वर्षांनी येईल, तेव्हा फोडील."

कासिमाली कुऱ्हाड खांद्यावर टाकून घरी आला आणि जेवला नाही.

मग उलकान स्वतः गेली. म्हातारी अंगणात राख टाकत होती.

"आपा, तुम्ही मला माझं घर परत दिलंत. मी काय करू सांगा. तुम्ही सांगाल ते करते."

"उपकार फेडायला येत असशील तर इथूनच फीर. मी तुझ्यासाठी नाही केलं."

"मग कुणासाठी?"

सोनुनबू आपानं राखेचं घमेलं उपडं केलं, बुडावर हात मारून झटकलं. "त्याच्यासाठी. अकरा दिवस माझ्यासमोर ताटावर बसायचा आणि घास तोंडात धरून ठेवायचा. गिळायचा नाही. बाहेर जाऊन थुंकून यायचा. म्हणे भूक नाही. तू त्या दिवशी रस्त्यावर बसली होतीस, मी तुझ्याकडं बघितलं आणि माझ्या मनात आलं, हिचा नवरा तिकडं तुरुंगात जेवत असेल, आणि माझा पोरगा घरात बसून उपाशी मरेल. जा आता."

उलकान गेली. पण जाणं थांबवलं नाही. हिवाळा उतरला, बर्फ गुडघाभर साचलं. रोज उजाडता उजाडता ती फावडं घेऊन जायची, म्हातारीच्या फाटकापासून नळापर्यंत वाट साफ करायची आणि हाक न मारता परत यायची. कधी खिडकीचा पडदा हलायचा, कधी हलायचा नाही. शेजारणी म्हणायच्या, "कशाला मरतेस? ती तोंडसुद्धा दाखवत नाही." उलकान म्हणायची, "मला तोंड नको बघायला. तिला घसरायला नको." बातमाही दोन-तीनदा तिच्या जोडीला फावडं घेऊन आली. नवऱ्याचा खुनी ज्या घरातला, त्या घरासमोरचं बर्फ तिनं खरवडलं, आणि गावातल्या बायकांनी ते पाहिलं. हळूहळू नळावर म्हातारीला कुणी कुणी घागर उचलू लागलं.

मार्चअखेर चाऱ्यांचा गाळ काढायला सुरुवात झाली. कासिमाली दारूला शिवला नव्हता. दोन पाटकऱ्यांची जागा रिकामी होती, तिघांचं काम एकटा ओढत होता. आठ एप्रिलला कालव्याचं दार उघडलं. गढूळ, गार पाणी चाऱ्यांमधून पळत गावात शिरलं, पाठोपाठ भांडणंही. पाळीची यादी शाळेच्या भिंतीवर चिकटवली होती.

तिसऱ्या दिवशीची गोष्ट. उलकान अंगणात शेणाच्या गोवऱ्या उलटत होती. कासिमाली चारीच्या तोंडाशी कुदळीनं मातीचा बांध घालत होता. एकाएकी गल्लीच्या त्या टोकाहून असा आवाज आला की कोंबड्या उडाल्या.

"कासिमाली! ए कासिमाली! कान फुटले का तुझे?"

सोनुनबू आपा फाटकात उभी होती. रुमाल मागं घसरलेला, हातात काठी.

"माझी पाळी पहाटेची! ऊन डोक्यावर आलं तरी चारी कोरडीठण्ण! कुणाच्या वावरात लोटलंस माझं पाणी?"

कासिमाली कुदळ हातात तशीच धरून उभा राहिला. सहा महिन्यांत म्हातारीनं त्याचं नाव घेतलं नव्हतं.

"आपा, वरच्या अंगाला चारी फुटली होती, ती बुजवत..."

"चारी फुटली म्हणे! तुझा बाप पाटकरी होता, तोही हेच सांगायचा! दरवर्षी माझ्याच पाळीला बरी फुटते चारी! पाटकरी आहेस की पाहुणा?"

गल्लीतल्या बायका कुंपणांवरून डोकावल्या. मोल्दोबाय ओट्यावर बसल्या बसल्या हसायला लागला, तोंडात दात नव्हते तरी पोटभर हसला. उलकाननं शेणाचा हात विसरून रुमालाचं टोक तोंडावर दाबलं. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि हसू आवरत नव्हतं.

म्हातारीनं काठी तिच्याकडं वळवली.

"आणि तू काय उभी आहेस दात काढत? माझ्या हातात कुदळ ठरत नाही. पाणी आलं की वाफा फोडायला कोण आहे मला? ये इकडं."

"आले, आपा!" उलकान ओरडली, आणि अनवाणी पायांनी चारीच्या कडेनं धावत सुटली.